दारात कोण आलं होतं

आमच्या घरात सगळ्यांत जपायची वस्तू म्हणजे बाबांची झोप. बाबा भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये कोक ओव्हनला, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्टीवर, होते, आणि त्यांचा रातपाळीचा आठवडा आला की घराचा सगळा कारभार कुजबुजीत चाले. सकाळी ते सायकल भिंतीला टेकवून आत येत. अंगाला डांबराचा आणि गंधकाचा वास असे, तो कितीही साबण लावला तरी जात नसे. माय त्यांना गरम भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण वाढी. अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी ते जेवत आणि आतल्या खोलीत जाऊन आडवे होत. मग माय कामाला लागे. खिडकीवर जुनी गोधडी टांगायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवून त्यांच्यावर चिंधी बांधायची, म्हणजे वाजत नाहीत. नळाच्या तोटीला फडकं गुंडाळायचं, म्हणजे पाणी बादलीत गुपचूप उतरतं. दूधवाल्याला ताकीद होती की हाक मारायची नाही, नखानं दार वाजवायचं. गंमत अशी, की प्लांटचा भोंगा, मालगाडीच्या डब्यांची आदळआपट, काही म्हणजे काही बाबांना ऐकू येत नसे. पण घरात चमचा पडला की ते उठून बसत. "त्यायची झोप मोडली त वर भट्टीवर तोल जाते मानसाचा," माय म्हणे. "खाली आग असते पोरी." धानाच्या शेतातून उठून आलेली ती बाई. भंडाऱ्याकडच्या खेड्यात तिनं आग पाहिली ती चुलीतली. भट्टी तिनं कधी पाहिली नाही, पण रात्री स्लॅग, म्हणजे लोखंडाचा वितळलेला मळ, ओतला की आभाळ लाल होई ते अंगणातून दिसे, आणि त्या लाल आभाळाखाली आपला माणूस चालतो आहे एवढं तिला पुरेसं होतं.

वसंतादादा माझ्याहून बराच मोठा. आमच्या दोघांच्या मधली दोन भावंडं गावीच वारली, त्यांचं नाव घरात कोणी काढत नसे. दादा हथखोजला एका लहानशा कारखान्यात लेथवर होता. प्लांटमध्ये नंबर लागेपर्यंत, असं बाबा म्हणत. दादा काही म्हणत नसे. त्याला सिनेमाचं वेड होतं, पण ते इतर पोरांसारखं गाण्यांचं, मारामारीचं नव्हे. तो सिनेमा घरी घेऊन येई. जेवताना ताटातली जवसाची चटणी बोटानं पसरून दाखवी, की इथं नदी होती, इथं ती उभी होती, आणि कॅमेरा असा असा गेला. माय म्हणे, "जेव ना बापा, चटनी त खा." तो चटणीसकट नदी खाऊन टाकी आणि पुन्हा सांगायला लागे. मी त्याची एकुलती एक प्रेक्षक. आमच्यात मराठी फक्त घरातच होती. दाराबाहेर पडलं की हिंदी, थोडी छत्तीसगढी. पण सिनेमा तो मला मराठीतच सांगे, त्यामुळे पुष्कळ दिवस मला वाटे की हिंदी सिनेमातली माणसं मनातल्या मनात आपल्यासारखीच बोलत असतील.

त्या हिवाळ्यात सेक्टरच्या मैदानात पडदा बांधून एक जुना सिनेमा दाखवला. लोक आपापल्या चटया, पोती घेऊन आले होते. बाबांची त्या आठवड्यात दिवसपाळी होती, म्हणून आम्ही चौघंही गेलो. चौघांनी मिळून पाहिलेला तो एकच सिनेमा. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही तो शोधून पाहाल, आणि तुम्हाला जे दिसेल ते माझ्यापुढं आणून ठेवाल. ते मला आता नको आहे. गोष्ट साधी होती. एक बाई, तिचा नवरा दूर कोळशाच्या खाणीत कामाला गेलेला. घरी आंधळा सासरा. नवऱ्याचा निरोप येणं बंद होतं, पण ती सासऱ्याला रोज सांगते की आज अमका आला होता, तुमचा मुलगा बरा आहे, म्हणाला लवकर येतो. म्हातारा ऐकतो आणि खाटेवर बसून हसतो. शेवटी एक दिवस ती पीठ मळत असते आणि दार वाजतं. ती हात पुसते. उठते. कडी काढते. बाहेरचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडतो, ओठ जरासे विलग होतात, आणि तिथंच सिनेमा संपतो. दारात कोण आहे ते दाखवतच नाहीत. मैदानात क्षणभर कोणाला कळलंच नाही. लोकांना वाटलं रीळ अडकलं. मग पडदा पांढरा झाला आणि माणसं चटया झटकत, शिव्या घालत उठली.

घरी येईपर्यंत भांडण जुंपलं होतं.

"नवराच आला," दादा म्हणाला. "तिच्या तोंडावर उजेड पडला, पाह्यला नाई का तुमी? वाईट खबर असती त अंधार दाखवला असता."

"उजेड पडला कारन बाहेर दिवस होता," बाबा म्हणाले. "खानीत गेलेला मानूस इतक्या दिवसानं असा चालत येत नसते बापा. खबर आली असन."

"मग ती हसली कावून?"

"हसली कुठं? तोंड उघडलं तिनं."

"हसलीच. मी समोर बसून पाहून राहिलो होतो."

मायनं चूल पेटवली होती. ती मागं न बघताच म्हणाली, "तुमी सगळे तिच्या तोंडाकडं पायता. तो म्हातारा खाटेवर बसून इचारून राहिला असन, कोन आलं वो सूनबाई, कोन आलं? त्याले दिसत नाई. त्याले कोनी सांगतलं का?"

दादा हसला. "माय, पिक्चर तिथंच संपला ना."

"पिक्चर संपला," माय म्हणाली. "म्हातारा त बसलाच आहे ना तिथं."

हे भांडण पुढं आठवडेच्या आठवडे चाललं. आमच्या घरी बोलायला दुसरं होतंच काय? बाबा पाळीवरून येत आणि जेवता जेवता मध्येच म्हणत, "तिनं हात पुसले. नवऱ्यासाठी कोनी हात पुसत बसत नाई." दादा त्यावर रात्रभर विचार करून सकाळी उत्तर देई. त्यानं कारखान्यातल्या रामाधीनलाही त्यात ओढलं. रामाधीन बेमेतऱ्याकडचा, दादाच्या शेजारच्या मशीनवर काम करी. लाजाळू पोरगा. एकदा तो आमच्याकडं जेवायला आला, मायनं पाटोडी केली होती, आणि दादानं त्याला सगळा शेवट उभं राहून करून दाखवला, कडी काढण्यासकट. रामाधीननं बराच विचार केला आणि म्हणाला, "भैया, जो भी आया, बाई को पहले पानी पूछना चाहिए था." त्यावर बाबासुद्धा मोकळेपणी हसले. बाबांचं तसं हसणं मला त्यानंतर ऐकल्याचं आठवत नाही.

आता माझा नातू मला फोनवर दाखवतो. जुन्या सिनेमांचे शेवट समजावून सांगणारी माणसं आहेत. एक पोरगा कॅमेऱ्यात बघून भराभर बोलतो, की शेवटाचा खरा अर्थ तुम्हाला कोणी सांगितलाच नाही, मी सांगतो. नातू म्हणतो, "आजी, आपके टाइम में ये सब नहीं था." नव्हतं. आमच्याकडं फक्त चटणी होती.

त्या वर्षीची थंडी सरत आली होती. बाबांचा रातपाळीचा आठवडा चालू होता. शाळा लवकर सुटली म्हणून मी दुपारीच घरी येत होते. फाटकापाशी पोचले तर दारात दोन माणसं पाठमोरी उभी. एक रामाधीन, दुसरा खाकी शर्टातला वयस्क माणूस. त्याची मोटरसायकल कुंपणाला लावलेली होती. रामाधीननं नखानं दार वाजवलं. दादानंच त्याला ते शिकवलं असणार. मायनं दार उघडलं. ती मागच्या अंगणात खाटेवर वड्या घालत होती, तशीच उठून आली होती, बोटांना डाळीचं वाटण लागलेलं, बांगड्या कोपरापर्यंत बांधलेल्या. मी त्या दोघांच्या मागं होते, त्यामुळे तिचा चेहरा मला अगदी समोरून दिसला. ती हसली. ओळखीचा पोरगा दारात दिसला की बाई हसते, तसं.

"ये ना रामाधीन," ती हळू आवाजात म्हणाली. "वसंता कुठं आहे?"

"अम्मा, बाबूजी हैं?"

"सोये हैं. नाईट करके आये."

"भैया के एक्सीडेंट होगे, अम्मा. ट्रक..." एवढं म्हणून त्यानं गमछा तोंडात धरला आणि तो रडायला लागला. खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. आमच्या दारात रडतानाही त्यानं आवाज केला नाही.

मायचं हसू तसंच राहिलं होतं. ते पुसायला तिला वेळ लागला. मग तिनं मराठीतच विचारलं, "आहे का गेला?" रामाधीनला मराठी कितपत कळे देव जाणे. त्यानं मान खाली घातली. ती हलवली नाही, की वर केली नाही. खाली घातली, एवढंच.

आतून बाबांचा झोपेतला आवाज आला, "कोन आलं वो?"

"कोनी नाई," माय म्हणाली. "दूधवाला आहे. झोपा तुमी."

ती बाहेर आली आणि दार आपल्यामागं ओढून घेतलं. खाकी शर्टवाला म्हणाला, "माताजी, अस्पताल चलना पड़ेगा." ती म्हणाली, "चलते. थोडा रुको." आणि पायरीवर बसली. मला हातानं जवळ बोलावलं, शेजारी बसवलं आणि माझं मनगट धरून ठेवलं. मी विचारलं, माय, काय झालं? तिनं मान हलवली. मग बऱ्याच वेळानं, मला नव्हे, त्या दोघांनाही नव्हे, नुसतीच म्हणाली, "झोपू द्या त्यायले थोडं. यानंतर त्यायले झोप येनार नाई."

आम्ही तिथं किती वेळ बसलो ते मला सांगता येणार नाही. तिच्या बोटांवरचं डाळीचं वाटण वाळलं, पांढरं पडलं आणि त्याला भेगा गेल्या, तेवढा वेळ. ती दोन माणसं जांबाच्या झाडाखाली उकिडवी बसून राहिली. परक्या बाईला घाई कशी करावी हे त्यांना कळत नसावं. आतून बाबांचं घोरणं ऐकू येत होतं. माय दर थोड्या वेळानं कान देऊन ते ऐकत होती, आणि मला वाटतं, ते ऐकू येत होतं तोवर तिचं जग शाबूत होतं. शेवटी बाबा आपोआपच उठले. लुंगी सावरत दार उघडून बाहेर आले, पायरीवर आम्हाला पाहिलं, झाडाखालच्या माणसांना पाहिलं, आणि कोणी काही बोलायच्या आत पायात चपला घालायला लागले.

ते खाकी शर्टवाल्याच्या मोटरसायकलवर पुढं गेले. माय आणि मी मागून रिक्षानं. हॉस्पिटलच्या लांबलचक व्हरांड्यात बाबा भिंतीला टेकून उभे होते. एक नर्स त्यांच्यापुढं उभी होती, चांगली, वयानं मोठी बाई, आणि अगदी मायेनं सांगत होती, "अभी गया, बाबा. अभी-अभी गया."

मायनं ते ऐकलं. तिनं बाबांकडं पाहिलं नाही. ती सरळ आत गेली, दादाच्या खाटेशी. पण बाबा तिथंच उभे राहिले आणि त्यांनी नर्सला विचारलं, "अभी मतलब?" ती गोंधळली. "अभी," ती पुन्हा म्हणाली.

त्या एका शब्दात बाबांनी उरलेलं आयुष्य काढलं. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि एका सकाळी जेवता जेवता ते म्हणाले, "तो जित्ता होता वो तवा. आन तू मले दूधवाला सांगतला." माय ताटात भात वाढत होती, तिनं भाताचा हात तसाच थांबवला. बाबा रागावले नाहीत. हात धुऊन आत गेले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मी मोठी होऊन लग्न होऊन जाईपर्यंत आमच्या घरात वसंता हा शब्द कोणी उच्चारला नाही. रातपाळी चालूच राहिली. सकाळी बाबा येत, जेवत, आतल्या खोलीत जात. मी एकदा दाराच्या फटीतून पाहिलं, ते खाटेवर ताठ बसले होते, डोळे उघडे, गोधडीनं झाकलेल्या खिडकीकडं तोंड करून. आणि बाहेर माय बांगड्या वर सरकवून चिंधी बांधत होती, तोटीला फडकं गुंडाळत होती. तिला माहीत होतं आत कोणी झोपलेलं नाही. तरी रोज. वर्षानुवर्षं.

बाबा निवृत्त झाले. रिसालीला लहानसं घर बांधलं, तिथं टीव्ही आला. मी माहेरी आले होते तेव्हाची गोष्ट. एका दुपारी तोच सिनेमा लागला. पहिल्याच दृश्यावरून मी ओळखला आणि उठून बंद करणार होते, पण बाबा म्हणाले, "राहू दे." ते खुर्चीत बसून पाहत राहिले. माय उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही, पण सुपावरचा तिचा हात कधी थांबत होता ते मला दिसत होतं. दार वाजलं. बाईनं हात पुसले. कडी काढली. उजेड पडला. मी इतक्या वर्षांनी तो चेहरा पाहत होते, आणि मला त्यात आनंदही दिसला नाही, दुःखही दिसलं नाही. ती नुसती दार उघडत होती. दारात कोण आहे हे तिला अजून कळलेलंच नव्हतं. तेवढ्याच एका क्षणात दादा बरोबर होता, आणि बाबाही. पुढच्या क्षणाला कोणीतरी चूक ठरणार होतं. सिनेमावाल्यांनी दया केली आणि तिथंच थांबवलं. आमच्याकडं कोणी थांबवलं नाही.

टीव्हीवर जाहिरात सुरू झाली. बाबा म्हणाले, "तिनं म्हाताऱ्याले सांगतलं असन का?"

सुपावरचा हात थांबला. "सांगतलं असन," माय म्हणाली. "मागून."

"मागून सांगून काय कामाचं?"

माय तांदूळ घेऊन स्वयंपाकघरात गेली. तेरवीनंतरच्या त्या सकाळीनंतर दादाबद्दल त्या दोघांचं झालेलं बोलणं ते एवढंच, आणि तेही त्याचं नाव न घेता.

बाबा आधी गेले. झोपेत गेले, लोक म्हणाले भाग्यवान. माय त्यानंतर पुष्कळ जगली, माझ्याकडंच. शेवटी शेवटी तिला कालचं आठवत नसे, पण एका संध्याकाळी मी तिचे केस विंचरत असताना ती एकदम स्वच्छ आवाजात म्हणाली, "तो रामाधीन रडून राहिला होता ना. मले वाटलं, गेला." मी विंचरत राहिले. "मानूस जित्ता असन त कोनी असं रडते का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही माय, नाही रडत. तिनं मान डोलावली. पण तिला ते पटलं नव्हतं. ते तिच्या मानेवरच्या माझ्या हाताला कळलं.

रामाधीन त्या अपघातानंतर लगेच काम सोडून गावी निघून गेला होता, आणि तो कुठं आहे हे आम्हाला कधीच कळलं नाही. माय गेल्यावर वर्षभरानं माझ्या मुलीनं भिलाई-3 ला घर घेतलं. तिच्या गल्लीत कोपऱ्यावर एक म्हातारा उन्हात बसलेला असे. बोलता बोलता हथखोजचं निघालं, लेथचं निघालं, आणि मी त्याच्याकडं नीट पाहिलं. ते रामाधीन होते. मुलाकडं राहायला आले होते. मी माझं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग मी विचारलं. हे विचारणारे दोघंही गेले होते, उत्तर कोणाच्या कामाचं उरलं नव्हतं, तरी विचारलं. "तुम आये थे तब दादा थे?"

"थे," रामाधीन म्हणाले. "बात किये थे. पानी माँगे. हम ही उठाये उनको. बोले, घर जा, बाबूजी को ले आ."

गल्लीतून एक भाजीची गाडी गेली. रामाधीन जमिनीकडं बघत होते. "हमसे तो मुँह से निकला ही नहीं," ते म्हणाले. "डर गये थे. इतना खून नहीं देखे थे कभी." मग त्यांनी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं, की हा माणूसही काही विचारायला एवढी वर्षं थांबलेला आहे.

"एक बात बताओ बाई. उस दिन अम्मा उतनी देर बैठी काहे रहीं?"

त्यांना काय सांगायचं? तुम्ही मान खाली घातली म्हणून? पंच्याहत्तरीचा माणूस तो.

"बाबा सोये थे," मी म्हटलं. "रातपाळी करके आये थे."

त्यांनी मान हलवली. "हाँ," ते म्हणाले. "रातपाली में आदमी बहुत थक जाता है." तेवढ्यात त्यांच्या सुनेनं चहा आणला. आम्ही दोघांनी तो बशीत ओतून, गार करून, प्यायला.